सोनतळ्याचं वाचन

फार फार मागची, आजोबांच्या आजोबांनीसुद्धा नुसती ऐकलेली अशी ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

एक राजा होता. मनानं मोठा, पण स्वभावानं उतावळा. एकदा त्याच्या मनात आलं, की आपल्या राज्यातल्या पोरांना लिहिता-वाचता यावं. झालं! गावोगावी शाळा निघाल्या. खजिन्याची दारं उघडली. कुठे चिरेबंदी इमारत उभी राहिली, कुठे नुसतं छप्पर घातलं गेलं. सात वर्षं पैसा वाहत राहिला.

आठव्या वर्षी दिवाणजी म्हणाले, "महाराज, खर्च उदंड झाला. त्यातून निपजलं काय, हे एकदा बघायला नको का?"

"बघायला हवं. पण बघणार कोण?"

दरबारातल्या सगळ्या माना एकाच माणसाकडे वळल्या. तो होता त्रिंबक पारखी.

त्रिंबक हा राजाचा रत्नपारखी. हिरा चिमटीत धरून एकदा उजेडाकडे करायचा आणि किंमत सांगून मोकळा व्हायचा. तीस वर्षांत त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता. "मला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही," असं तो म्हणायचा, आणि त्यात बढाई असली तरी खोटं काही नव्हतं.

राजा त्याला म्हणाला, "पारखीबुवा, गावोगावी जा. कुठली शाळा खर्चाच्या मोलाची आहे आणि कुठली नाही, तेवढं सांगा. तुम्ही सांगाल तसं होईल."

त्रिंबकनं मान लववली आणि घोड्यावर मांड टाकली.

पहिलं मोठं गाव लागलं ते सोनतळे. नदीकाठचं, सुपीक, खातंपितं गाव. तिथल्या शाळेवर वर्षाला हजार मोहरा खर्च होत. वेशीवरच त्याचं स्वागत झालं. तुतारी वाजली. पांढऱ्याशुभ्र अंगरख्यातली साठ पोरं दोन रांगांत उभी होती. त्यांचे गुरू, ज्यांना सारा गाव शास्त्रीबुवा म्हणे, त्यांनी स्वतः त्रिंबकच्या गळ्यात हार घातला.

मग वाचन सुरू झालं. मुरारी नावाचा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा पुढे आला. त्यानं पोथी उघडली, दोन्ही हातांवर तोलून धरली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला. काय ती वाणी! कुठे अडखळणं नाही, कुठे श्वास तुटणं नाही. वाचता वाचता वाऱ्यानं पोथीची दोन पानं एकदम उलटली, तरी आवाजात तसूभर फरक पडला नाही. त्रिंबक मनात म्हणाला, "वा! याला म्हणतात तयारी."

समोर मुरारीचे आजोबा केरोबा बसले होते. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "बुवा," ते त्रिंबकला म्हणाले, "आमच्या सात पिढ्यांत कुणाला पांढऱ्यावरचं काळं कळलं नाही. हा पहिला."

त्रिंबक एक दिवस राहिला. त्याला दुसऱ्यांदा बघायची सवय नव्हती.

तिथून तो काटवणला गेला. काटवण म्हणजे डोंगराच्या अंगावर चिकटलेली पंचवीस घरं. शाळा कुठे आहे म्हणून विचारलं, तर लोकांनी कोंडवाड्याकडे बोट दाखवलं. चुकार गुरं कोंडायचा तो वाडा रिकामाच पडला होता, तर गजाबाई नावाच्या बाईनं त्यात शाळा भरवली होती. खर्च वर्षाला चाळीस मोहरा.

आत गोंगाट होता. कुणी जमिनीवर पालथं पडून लिहीत होतं, कुणी भांडत होतं. एकाच्या गालावर शाईचा फराटा. त्रिंबककडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

"या चाळीस मोहरांचं काय करता?" त्यानं विचारलं.

"दहा माझ्या पोटाला लागतात," गजाबाई म्हणाली. "उरलेल्या कागदात आणि शाईत जातात. आणि जासुदाला थोडं द्यावं लागतं."

"जासुदाला? ते कशासाठी?"

"पोरं पत्रं लिहितात ना. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला, मामाला, कुणी लष्करात गेलेल्या बापाला. पत्र गेलं पाहिजे, आणि उत्तर आलं पाहिजे. उत्तर येणार म्हटलं, की वाचायला शिकतात हो. नाहीतर कशाला शिकतील?"

त्रिंबकला हे काही पटलं नाही. एवढा महाग कागद, आणि तो पोरांच्या कागाळ्या लिहिण्यात घालवायचा! त्यानं एका मुलीला पुढे बोलावलं. सगुणी तिचं नाव. "काही म्हणून दाखव," तो म्हणाला.

"मला पाठ काही येत नाही," सगुणी म्हणाली. "पण तुमच्या हातात कागद आहे ना, तो द्या. वाचून दाखवते."

त्रिंबकनं राजाचं आज्ञापत्र पुढे केलं. सगुणीनं अक्षरांखाली बोट ठेवलं आणि एकेक शब्द उचलायला लागली. "त्रिं-बक... पा-रखी... यांना... प्र-त्येक..." मधेच थांबली, मागे गेली, एक शब्द चुकला तो सुधारला. चार ओळींना घटकाभर वेळ लागला. त्रिंबकनं जांभई दाबली.

निघताना गजाबाई वाड्याच्या दाराशी आली. "पारखीबुवा, पोरीला काय येतं ते तुम्ही पाहिलंत. वर्षापूर्वी तिला काय येत होतं, ते नाही विचारलंत?"

"बाई, मी आजचा माल बघतो. कालचा नाही."

गजाबाई आत गेली आणि पोरांत जाऊन बसली.

महिनाभरानं त्रिंबकचा अहवाल दरबारात वाचला गेला. सोनतळ्याबद्दल लिहिलं होतं, 'पोर न् पोर अस्खलित वाचते. हजार मोहरा सार्थकी लागल्या. दोन हजार द्याव्यात.' काटवणबद्दल लिहिलं होतं, 'शिस्त नाही, वाचनात ओघ नाही. चाळीस मोहरा मातीत.'

राजानं मान डोलावली. सोनतळ्याला दोन हजार मंजूर झाले, आणि काटवणच्या कोंडवाड्याला पुन्हा कुलूप लागलं.

पुढे काय झालं ते ऐका.

त्या साली पावसानं विचित्र खेळ केला. खालच्या मुलखात त्यानं ओढ दिली होती. नदी आटून तिचं वाळवंट झालं होतं. वर डोंगरात मात्र आठ दिवस झड लागली होती आणि तिथला मोठा राजतलाव काठोकाठ भरला होता. त्रिंबक तेव्हा राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडच्या शाळा बघत हिंडत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

परतताना त्याला सोनतळ्याचं आवतण आलं. दोन हजार मोहरा मिळाल्याचा उत्सव होता, आणि ज्यांच्यामुळे त्या मिळाल्या ते पारखीबुवा तिथे हवेतच. अष्टमीच्या सकाळी, दिवस कासराभर वर आला असताना, तो गावात पोहोचला.

घरं रिकामी होती. सगळा गाव नदीच्या कोरड्या पात्रात जमला होता. वाळूवर भला मोठा मांडव घातला होता. पताका लावल्या होत्या. बायका नटल्या होत्या, लेकरं वाळूत घरं बांधत होती. आणि मांडवाच्या मधोमध चौरंगावर, रेशमी कापडावर, एक कागद ठेवला होता. त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. पुढे समई तेवत होती.

"हे काय?" त्रिंबकनं विचारलं.

गावचा पाटील हात जोडून म्हणाला, "महाराजांचं पत्र! परवा जासूद देऊन गेला. मोहोरबंद. अहो, आमच्या गावाला राजाचं पत्र येण्याची ही पहिलीच वेळ. मुरारीनं भर चावडीवर वाचलं. असं गोड वाचलं, की लोक रडले. महाराजांनी आशीर्वाद पाठवलाय. धनधान्य वाढो, गोधन वाढो, असं सगळं आहे त्यात. बुवा, तुम्हीही पाया पडा."

त्रिंबक पाया पडायला वाकला. वाकता वाकता त्याची नजर कुंकवाच्या बोटांखालून जाणाऱ्या ओळींवर गेली.

तो तसाच वाकलेला राहिला.

पत्रात लिहिलं होतं, 'राजतलावाच्या बांधाला भेग पडली आहे. बांध वाचवण्यासाठी अष्टमीला भर दुपारी तलावाचे दरवाजे उघडले जातील. नदीकाठच्या सर्वांनी त्याआधी गुराढोरांसह टेकडीवर जावे. पात्रात कोणीही थांबू नये.'

आज अष्टमी होती. तो उभा होता ती वाळू पात्रातली होती. मागे सनई वाजत होती.

"पळा!" तो ओरडला, पण सनईच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा ओरडून सांगितलं, "पळा! पाणी येतंय! दुपारी तलाव सोडणार आहेत!"

सनई थांबली. लोक त्याच्याकडे बघायला लागले. मग कुणीतरी हसलं.

"बुवा, प्रवासानं दमलात," पाटील समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुम्हीसुद्धा त्या पोरीसारखंच बोलायला लागलात."

"कुठल्या पोरीसारखं?"

पाटलानं मांडवाच्या कडेला बोट दाखवलं. तिथे एक मुलगी पायाचे अंगठे धरून ओणवी उभी होती. शाळा बंद झाल्यावर काटवणची सगुणी सोनतळ्यात आपल्या आत्याकडे आली होती. मोठ्या शाळेत तिला शेवटच्या रांगेत बसवलं होतं, कारण तिला पाठ काही येत नव्हतं.

"परवापासून ही कार्टी म्हणतेय, पत्रात पाण्याचं लिहिलंय म्हणून," पाटील म्हणाला. "शुभ कामात असं अभद्र बोलायचं? शास्त्रीबुवांनी शिक्षा केलीय. तिची आत्या तेवढी भोळी. कालच शेळ्या घेऊन टेकडीवर जाऊन बसलीय."

त्रिंबकनं धावत जाऊन सगुणीला सरळ उभं केलं. तिचे डोळे सुजले होते. त्यानं चौरंगावरचा कागद उचलला तशी बायकांच्या तोंडून किंकाळीच फुटली.

"आधी मुरारी!" त्रिंबक म्हणाला. "ये बाळ, इकडे ये. या कागदात 'बांध' कुठे लिहिलंय, त्यावर बोट ठेव."

मुरारी आला. नव्या अंगरख्यात तो फार देखणा दिसत होता. त्यानं कागदाकडे पाहिलं, शास्त्रीबुवांकडे पाहिलं. बोट वर केलं, पण ते हवेतच राहिलं.

"ठेव ना रे," पाटील म्हणाला.

मुरारीच्या ओठांनी सवयीनं श्लोक म्हणायला सुरुवात केली. बोट मात्र खाली येईना.

त्या क्षणी त्रिंबकला वाऱ्यानं उलटलेली ती दोन पानं आठवली. दोन पानं एकदम उलटली होती, आणि या पोराचा एक शब्दही गळला नव्हता! पानावर जे लिहिलं होतं आणि पोराच्या तोंडून जे येत होतं, त्याचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. ते त्याच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. त्यानं पाहिलं होतं, आणि वाहवा केली होती.

"सगुणी," तो कसाबसा म्हणाला, "तू वाच. मोठ्यानं वाच."

सगुणीनं अक्षरांखाली बोट ठेवलं. "राज-त-लावाच्या... बां-धाला... भेग..." एकेक शब्द ती उचलत होती आणि मांडवातला एकेक चेहरा पांढरा पडत होता. "अष्ट-मीला... भर... दु-पारी..." कुणीतरी वर सूर्याकडे पाहिलं. "पा-त्रात... को-णीही..."

तिला शेवटचे दोन शब्द वाचूच दिले नाहीत कुणी. एका बाईनं वाळूतलं लेकरू उचललं आणि ती धावत सुटली. मग सगळेच धावले. मांडवाचे खांब कलंडले, समई लवंडली, आया नावानं हाका मारत सुटल्या. कुणी म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, कुणी गोठ्यातली दावी कापली. घरात ठेवलेलं सोनंनाणं आणायला जे वळले, त्यांना त्रिंबकनं हाताला धरून ओढून काढलं.

सूर्य डोक्यावर येईपर्यंत गाव टेकडीवर पोहोचलं होतं. पाटलानं माणसं मोजली.

"केरोबा कुठाय?"

मुरारीनं नदीकडे हात केला. पात्राच्या पलीकडच्या अंगाला एक बेट होतं. त्यावर केरोबांचा मळा होता. त्यांची गाय व्यायला झाली होती, म्हणून ते उत्सवालाही आले नव्हते. तिथल्या खोपटापाशी त्यांचं पांढरं मुंडासं दिसत होतं.

मुरारी टेकडी उतरून काठाकडे धावला. त्रिंबक त्याच्यामागे धावला.

"आबा! आबा, इकडे या! पाणी येतंय! पत्रात लिहिलंय!"

केरोबांनी मान वर केली. त्यांनी नातवाला ओळखलं आणि हात हलवला.

"काय लिहिलंय ते ठाऊक आहे मला!" ते तिकडून ओरडले. म्हाताऱ्याच्या आवाजात केवढा आनंद होता. "तूच वाचलंस ना बाळा! गोधन वाढो म्हणून! बघ, कालवड झालीय!"

"आबा, ते खोटं होतं! मी वाचलं नव्हतं!"

"काय म्हणतोस? तू आणि खोटं वाचशील? साऱ्या गावानं ऐकलंय!"

मुरारी पात्रात उडी घ्यायला निघाला. पण तेवढ्यात वरच्या वळणाकडून एक आवाज आला. हजार गाड्या एकदम दगडांवरून धावाव्यात तसा. त्रिंबकनं पोराला कवेत धरलं आणि मागे खेचलं. मुरारीनं त्याला बोचकारलं, चावलं. त्रिंबकनं सोडलं नाही.

पाणी आलं ते भिंतीसारखं उभंच्या उभं आलं. मांडव गेला. चिरेबंदी शाळा गेली. चाळीस घरं गेली. बेट होतं तिथे नुसता तांबडा लोंढा फिरत राहिला.

टेकडीवर कुणी रडेना. धक्काच असा बसला होता, की रडूसुद्धा येईना. माणसं आपलं गाव होतं त्या जागेकडे नुसती बघत बसली होती.

मुरारीनं त्रिंबकला विचारलं, "बुवा, वाचन म्हणजे तेच ना? कागद समोर धरायचा, आणि पाठ असेल ते म्हणायचं? मला तसंच शिकवलं. मी खोटं बोललो नाही. मला वाटलं, मी वाचतोय."

त्रिंबकनं शास्त्रीबुवांकडे पाहिलं. ते एका दगडावर डोकं धरून बसले होते.

"शास्त्रीबुवा, हे पोर काय म्हणतंय?"

"खरं म्हणतंय," शास्त्रीबुवा मान वर न करता म्हणाले. "अक्षर मलाही येत नाही. मीसुद्धा ऐकून ऐकूनच शिकलो. आधी थोडी भीती वाटायची, कुणीतरी विचारील म्हणून. पण सात वर्षांत जो आला तो म्हणाला, दाखवा. शिकवलं काय, ते कुणी विचारलं नाही. तुम्ही बघायला आलात, आम्ही दाखवलं."



त्रिंबक तसाच राजधानीला गेला. धुळीनं माखलेला, हातावर पोराच्या दातांचे वण. दिवाणजींच्या पुढ्यात उभा राहून तो ओरडला, "नुसतं पत्र पाठवलंत? जीव जाणार होते माणसांचे! दवंडी पिटायला माणूस नव्हता?"

दिवाणजींनी कपाटातून एक कागद काढून त्याच्यापुढे धरला. अक्षर त्रिंबकचंच होतं.

"दवंडीवाले सहाच होते, पारखीबुवा. गावं चाळीस. कुठे माणूस पाठवायचा आणि कुठे पत्रानं भागेल, ते ठरवायला आमच्याकडे तुमचा अहवाल होता. तुम्ही लिहिलंत, सोनतळ्यात पोर न् पोर अस्खलित वाचते. म्हणून तिथे पत्र गेलं. काटवणला कुणाला वाचता येत नाही असं आम्ही समजलो. तिथे आम्ही दोन दवंडीवाले धाडले."

"काटवणला?" त्रिंबकनं विचारलं. "काटवण तर डोंगरावर आहे. तिथे पाणी कसं पोहोचणार? आणि तिथे... तिथे सगळ्यांना वाचता येतं."

"ते तुम्ही लिहिलं नव्हतं," दिवाणजी म्हणाले.

दरबार भरला तेव्हा त्रिंबकनं आपली पगडी राजाच्या पायाशी ठेवली. "महाराज, केरोबा पाण्यानं गेला नाही. माझ्या शब्दानं गेला. खर्च किती झाला ते मी पाहिलं. देखावा केवढा झाला ते पाहिलं. पोराला आधी काय येत नव्हतं आणि आता काय येतं, एवढं मात्र विचारलं नाही. एका बाईनं माझ्या तोंडावर सांगितलं होतं, तरी विचारलं नाही. मला शिक्षा द्या."

राजाचा उतावळा स्वभाव उसळून आला. "सोनतळ्याची शाळा बंद! सगळ्या मोठ्या शाळा बंद करा! दोन हजार मोहरा काटवणच्या त्या बाईला द्या!"

"नको, महाराज," त्रिंबक म्हणाला. "एकदा मी न बघता दिलं, न बघता काढून घेतलं. तीच चूक पुन्हा नको. आधी त्या बाईला तर विचारू."

गजाबाईला बोलावणं गेलं. ती आली, आणि दोन हजारांचा आकडा ऐकून दचकलीच.

"नको गं बाई! दोन हजार आले, की मलाही मांडव घालावासा वाटेल," ती म्हणाली. "पण चाळीसही पुरत नाहीत, ते खरं. सत्तर द्या. कागद महाग झालाय. आणि सोनतळ्याची शाळा बंद कशाला करता? त्या पोरांनी काय पाप केलंय? तीनशे श्लोक पाठ करणारी डोकी आहेत ती. त्यांना कुणी अक्षर दाखवलं नाही, एवढंच. शिकवणारा द्या."

"शिकवणारा कुठून आणू?" राजानं विचारलं.

"मी जाईन. काटवणची मोठी पोरं काटवण सांभाळतील."

तसंच झालं. सोनतळ्याच्या लोकांनी टेकडीवर नवं गाव वसवलं आणि त्यात एक छप्पर टाकलं. गजाबाई तिथे शिकवायला बसली. शास्त्रीबुवांनी गाव सोडलं नाही. पहिल्या दिवशी ते साठ पोरांच्या शेवटच्या रांगेत येऊन बसले, पाटी घेऊन. हसायला कुणाचं मन झालं नाही. मुरारी त्यांच्या शेजारी बसला होता. तो पुष्कळ दिवस कुणाशी बोलला नाही.

राजानं त्रिंबकला शिक्षा केली ती अशी, की त्यानं पगडी पुन्हा डोक्यावर ठेवावी आणि तेच काम पुन्हा करावं. त्रिंबकला ती शिक्षा सुळावर चढण्याहून जड वाटली. पण तो निघाला. आता तो तुतारी वाजू देत नसे. वर्दी न देता जायचा, आणि प्रत्येक गावात आठ-आठ दिवस राहायचा. प्रत्येक पोराच्या नावापुढे त्याला काय येत नाही ते लिहून घ्यायचा. वाचायला द्यायचा तो कागद स्वतः सकाळी लिहायचा, म्हणजे आधी कुणी पाहिलेला नसे.

तीन महिन्यांनी तो दरबारात परतला. राजा, दिवाणजी, सरदार, सगळे वाट बघत होते.

"सांगा, पारखीबुवा," राजा म्हणाला. "सोनतळ्याच्या नव्या शाळेवर दीडशे मोहरा चालल्यात. त्या सार्थकी लागतायत की नाही?"

सगळे डोळे त्याच्याकडे लागले. तीस वर्षं एका नजरेत किंमत सांगणारा तो माणूस.

"मला ठाऊक नाही, महाराज," त्रिंबक म्हणाला.

दरबार चपापला. सरदार एकमेकांकडे बघायला लागले.

"आज पोरांना काय येत नाही ते मी लिहून आणलंय. वर्षभरानं पुन्हा जाईन, तीच पोरं बघेन, आणि मग सांगेन. त्याआधी सांगितलं, तर ते खोटं असेल."

राजा म्हणाला, "थांबतो."

वर्षभरानं त्रिंबक पुन्हा सोनतळ्यात गेला. साठांतली एकेचाळीस पोरं त्याचा कागद वाचू शकली. अडखळत, बोट ठेवून, पण जे लिहिलं होतं तेच. एकोणीस पोरांना अजून येत नव्हतं. त्यानं तेही लिहिलं, आणि राजानं त्या एकोणीस पोरांसाठी आणखी एक शिक्षक दिला.

म्हणून सांगतो, शहाण्यांनो: शाळेचं मोल तिच्यावर किती ओतलं आणि तिनं किती दाखवलं यावर ठरत नाही, मुलाला काल जे येत नव्हतं ते आज येतं का, यावर ठरतं.